कबड्डीच्या नियमांतील निषिद्ध पकड : एक चिकित्सा

(१)

खेळाचे नियम हाही एक लिखित ग्रंथच होय. त्याला कर्ता असतो, काळ असतो, प्रयोजन असते. आणि ज्याअर्थी त्याच्या एकेका शब्दावर मैदानातील निर्णय अवलंबून असतात, त्याअर्थी त्याच्या भाषेची चिकित्सा करणे हे निरर्थक ठरत नाही. मराठीत कायद्याच्या भाषेचा विचार झाला, शास्त्रीय परिभाषेचा झाला. परंतु महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जो नियमग्रंथ वर्षातून शेकडो वेळा प्रत्यक्ष व्यवहारात उतरतो, त्या कबड्डीच्या नियमांकडे भाषिक दृष्टीने क्वचितच पाहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय या नियमांचा एक मर्यादित भाग आहे : चढाई करणाऱ्या गड्याला कोणत्या प्रकारे धरू नये, हे सांगणारी कलमे.

या विषयाला केवळ शाब्दिक महत्त्व नाही. कबड्डी हा पकडीचा खेळ आहे. पकड काढून टाकली, तर मागे शिवाशिवीचा खेळ उरतो. म्हणून कोणती पकड विहित आणि कोणती निषिद्ध, ही रेषा कोठे ओढायची या प्रश्नात खेळाचे स्वरूप आणि गड्याचे शरीर या दोहोंचाही निर्णय होत असतो. बुलढाणा जिल्ह्यासारख्या भागात, जेथे या खेळाला मॅट, वैद्यकीय पथक आणि चित्रफितीवरून होणारी फेरतपासणी यांचा आधार सहसा नसतो, तेथे गड्याच्या संरक्षणाचे मुख्य साधन उरते ते नियमाचा शब्द आणि पंचाची शिटी. तो शब्द किती समर्थ आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

या परीक्षणातून निघणारा निष्कर्ष आरंभीच नमूद करणे सोयीचे होईल. रूढ नियमांत धोकादायक पकडीविरुद्धची बहुतेक कलमे एक तर पकडणाऱ्याच्या हेतूवर टेकलेली आहेत, नाही तर इजा घडून गेल्यावरच जागी होतात. हेतू आणि इजा यांच्या मधोमध जी कृती असते, तिचे नाव घेणारे कलम जवळजवळ एकच आहे, आणि ते कैचीचे आहे. इतर कलमे त्याच नमुन्यावर घडविली जाणे आवश्यक आहे.

(२)

नियमांची आजची रचना समजण्यासाठी त्यांचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. हुतूतू या नावाने हा खेळ महाराष्ट्रात चालत असे तेव्हा त्याचे नियम गावागणिक बदलत. बाद झालेला गडी पुन्हा खेळात येतो की नाही, या एका मुद्द्यावरून संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार मानले जात. दम कोणत्या शब्दाचा घालावा, पाटी किती लांब असावी, गडी किती असावेत, याविषयीही एकवाक्यता नव्हती. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये स्पर्धा भरविली, तेव्हा नियमांच्या एकीकरणाला चालना मिळाली. १९३० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील शारीरिक शिक्षणाच्या संस्थांनी त्यांना अधिक काटेकोर रूप दिले.

या इतिहासात वऱ्हाडाचा वाटा मोठा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांसमोर केली. १९३८ मध्ये कलकत्त्यास झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघाची स्थापना झाली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत हा खेळ पदकासाठी खेळला गेला. आणि २०१४ मध्ये व्यावसायिक प्रो कबड्डी लीग सुरू होऊन तो घरोघर दूरचित्रवाणीवर दिसू लागला.

या क्रमाकडे लक्षपूर्वक पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. नियम लिहून काढण्याची निकड ही प्रामुख्याने निरनिराळ्या गावांचे व प्रांतांचे संघ एकमेकांशी खेळू लागल्यामुळे निर्माण झाली. तंटा मिटविणे हे नियमांचे मूळ प्रयोजन होते. गडी बाद झाला की नाही, दम तुटला की नाही, गडी मध्यरेषेला लागला की नाही, या प्रश्नांना निर्विवाद उत्तर हवे होते. गड्याच्या शरीराचे रक्षण हा त्या वेळच्या नियमकर्त्यांपुढचा पहिला प्रश्न नव्हता, आणि त्याचे कारण निष्काळजीपणा हे नव्हते. ते रक्षण दुसरीकडे कोठेतरी होत आहे, असे त्यांनी गृहीत धरले होते.

हे दुसरे ठिकाण म्हणजे आखाडा. कुस्तीच्या आखाड्यातील माती ही साधी माती नसते. ती चाळून, तीत तेल, ताक, हळद घालून मऊ केली जाते. कोणता डाव कोणावर, कोणत्या वयात आणि किती जोर लावून मारावा, हे वस्ताद डोळ्यांनी ठरवितो, आणि त्याच्या एका हाकेसरशी पकड सुटते. तेथे संयम पुस्तकात नसतो. तो मातीत आणि वस्तादाच्या धाकात असतो. हुतूतू खेळणारे तरुण बहुधा याच संस्कृतीत वाढलेले होते. खेळ जेव्हा पुस्तकात आला, तेव्हा लोण आणि दम यांचे नियम पुस्तकात आले. माती आणि वस्ताद मात्र मागे राहिले. आजच्या नियमांतील उणिवेचे मूळ या स्थित्यंतरात शोधावे लागते.

(३)

आता प्रत्यक्ष कलमांकडे वळावे. धरण्याविषयीच्या रूढ निषेधांचा आशय पाच गटांत मांडता येतो.

पहिला गट दमासंबंधीचा आहे. चढाई करणाऱ्या गड्याचे तोंड दाबून, गळा आवळून किंवा अन्य मार्गाने त्याचा दम बंद पाडू नये, असे हा निषेध सांगतो. वरवर पाहता हे शरीररक्षणाचे सर्वांत कडक कलम वाटते. परंतु त्याची वाक्यरचना तपासली असता त्याचा कटाक्ष निराळा असल्याचे दिसते. गळा आवळणे हे येथे निषिद्ध आहे, ते दम बंद पाडण्याचे साधन म्हणून. दम हा चढाईचा प्राण आहे. तो प्रतिपक्षाने कृत्रिम रीतीने तोडला, तर चढाई करणारा अन्यायाने बाद ठरेल. कलम त्या अन्यायाचे निवारण करते. ज्याच्या गळ्याभोवती हात पडला, पण ज्याचा दम चालूच राहिला, अशा गड्याविषयी हे कलम मौन पाळते. थोडक्यात, हे कलम दमाचा पहारेकरी आहे, आणि मानेचे जे रक्षण त्यातून घडते ते ओघाने घडते.

दुसरा गट धरण्याच्या जागेविषयीचा आहे. हातपाय आणि धड यांखेरीज शरीराचा अन्य कोणताही भाग, तसेच केस वा कपडे, हेतुपुरस्सर धरू नयेत, असा त्याचा मथितार्थ आहे. डोके आणि मान यांना संरक्षण मिळते ते या कलमातून. पण तेही नाव न घेता, केवळ वगळण्याच्या वाटेने. शिवाय केस, कपडे आणि मान यांना एकाच पंक्तीत बसविल्यामुळे या कलमाचा मूळ रोख न्याय्य खेळाकडे आहे, हे स्पष्ट होते. कपडे धरणे हा अप्रामाणिकपणा आहे. मान धरणे हा धोका आहे. दोहोंचा दंड एकच असावा, यात वर्गीकरणाचा दोष आहे.

तिसरा गट ढकलण्याविषयीचा. प्रतिस्पर्ध्याला हेतुपुरस्सर ढकलून मैदानाबाहेर घालवू नये, ही जुन्या नियमांतील तरतूद होती. आज मात्र चढाई करणाऱ्याला अंगाच्या धडकेने सीमारेषेबाहेर घालविणे, ज्याला सर्वत्र डॅश म्हणतात, हे बचावाचे मान्यताप्राप्त कौशल्य झाले आहे आणि त्याला गुणही मिळतो. एका पिढीत जे निषिद्ध होते ते दुसऱ्या पिढीत प्रशंसनीय ठरले. नियमांचे शब्द लवचीक असले म्हणजे व्यवहार त्यांना किती दूर नेऊ शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

चौथा गट आडदांडपणाचा. ज्या पकडीमुळे शरीराला इजा होईल अशी हिंसक पकड करू नये, असे हा निषेध सांगतो. शरीररक्षणाचा सरळ उच्चार करणारे हे कलम आहे, आणि म्हणूनच त्याची परीक्षा अधिक कठोरपणे झाली पाहिजे. हिंसक म्हणजे काय, याची व्याख्या त्यात नाही. व्याख्येच्या अभावी पंच स्वाभाविकच इजेकडे पाहतो. गडी उठून उभा राहिला तर पकड जोरदार. उठला नाही तर पकड हिंसक. यामुळे तीच कृती एका सामन्यात टाळ्या मिळविते आणि दुसऱ्या सामन्यात पत्र दाखविण्यास कारण होते. हिरवे, पिवळे आणि तांबडे पत्र अशी शिक्षेची उतरंड नियमांत आहे. परंतु शिक्षेच्या पायऱ्या कितीही सुबक असल्या, तरी अपराधाची व्याख्या नसेल तर त्या वाऱ्यावरच उभ्या राहतात.

पाचवा गट एकाच कृतीचा आहे : पायांची कैची घालून गडी धरू नये. या कलमात हेतूचा उल्लेख नाही. इजेची अट नाही. दमाचा संबंध नाही. कृतीला नाव आहे, ते नाव खेळणाऱ्याला, पाहणाऱ्याला आणि पंचाला सारखेच समजते, आणि कैची पडली की नाही हे डोळ्यांना दिसते. संपूर्ण निषेधसूचीत भाषेच्या दृष्टीने निर्दोष असे हेच कलम आहे. खेळाडू ते सहसा मोडीत नाहीत, याचे श्रेय त्याच्या रोखठोक शब्दांना दिले पाहिजे.

(४)

हेतुपुरस्सर हा शब्द न्यायशास्त्रातून आला आहे. न्यायालयात हेतू ठरविण्यास साक्षी असतात, पुरावे असतात, आणि मुख्य म्हणजे वेळ असतो. चढाईची मर्यादा अवघी ३० सेकंदांची. पकड घडते ती एखाद्या निमिषात. तेवढ्यात पंचाने पकडणाऱ्याच्या अंतःकरणात डोकावून निर्णय द्यावा, ही अपेक्षा अवास्तव आहे. त्यात गावच्या सामन्यात पंच हा बहुधा परिचित असतो. एखाद्या तरुणाची पकड हेतुपुरस्सर धोकादायक होती असे जाहीर करणे म्हणजे त्याच्या स्वभावावर भर मैदानात ठपका ठेवणे होय. पंच तसे करण्यास कचरतो, आणि संशयाचा फायदा पकडणाऱ्यास मिळतो. दुखापत झालेल्या गड्याच्या वाट्याला सहानुभूती येते.

इतर खेळांनी या अडचणीतून कसा मार्ग काढला, हे पाहणे उपयुक्त ठरेल. जपानच्या ज्युदोमध्ये कबड्डीतल्या कैचीला जवळचा असा पायांच्या कात्रीचा एक डाव होता. १९८० च्या अखिल जपान स्पर्धेत या डावामुळे यामाशिता या श्रेष्ठ ज्युदोपटूच्या पायाचे हाड मोडले. पुढे स्पर्धेतून तो डावच वर्ज्य करण्यात आला. डाव मारणाऱ्याचा हेतू काय होता, हा प्रश्न नियमाने विचारला नाही. आंतरराष्ट्रीय कुस्तीत हात नव्वद अंशांपलीकडे पिरगळणे वर्ज्य आहे. तेथे तर निषेध कोनाच्या मापात सांगितला आहे. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने २०१६ मध्ये एक विशिष्ट दुहेरी अडवणूक पूर्णपणे बंद केली : एकाने गड्याला वर गुंतवून ठेवायचे आणि दुसऱ्याने त्याच वेळी मांडीखाली धडक द्यायची, असा तो प्रकार होता.

या संदर्भात सर्वांत बोधप्रद इतिहास रग्बी लीगचा आहे. हा तेरा-तेरा गड्यांचा खेळ १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी मूळ रग्बी संघटनेशी फारकत घेतल्यापासून स्वतंत्रपणे वाढला आणि ऑस्ट्रेलियात फार लोकप्रिय झाला. चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून खाली पाडणे हा त्याचा गाभा. त्या अर्थाने तो कबड्डीचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल. ऑस्ट्रेलियात २०१३ च्या हंगामापासून हात न वापरता केवळ खांद्याने मारायची धडक बंद करण्यात आली. २०१४ मध्ये तेथील एका व्यावसायिक सामन्यात उचलून पाडलेल्या खेळाडूच्या मानेच्या मणक्याला इजा होऊन त्याचे अवयव लुळे पडले. त्या खेळातील धोकादायक फेकीच्या नियमाचा आशय असा आहे की, उचललेल्या गड्याचे डोके वा मान प्रथम जमिनीवर आदळण्याचा संभव निर्माण होईल अशा स्थितीत त्याला आणणे हाच अपराध. येथे हेतूचा पुरावा लागत नाही आणि मान मोडेपर्यंत वाटही पाहावी लागत नाही. पंचाने पाहायची ती शरीराची स्थिती. भाषेच्या दृष्टीने ही रचना कबड्डीच्या चौथ्या गटातील कलमापेक्षा कितीतरी सरस आहे, कारण तीत संभव हा शब्द इजेची जागा घेतो.

(५)

निषेध वाढविण्याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही विचारार्ह आहेत.

पहिला आक्षेप असा की, प्रत्येक जोरकस पकडीला बंदी घातली तर खेळातले पाणी निघून जाईल. कबड्डीचे सौंदर्य एकाने सात जणांत शिरण्यात आणि सातांनी त्याला जखडण्यात आहे. तेथील जोराला आक्षेप घेणे म्हणजे खेळालाच आक्षेप घेणे होय. हा आक्षेप निषेधाच्या मोघम भाषेला अचूक लागू पडतो. हिंसक हा शब्द अधिक कडकपणे राबवा, असे कोणी म्हणेल, तर त्याचा परिणाम पंच भेदरून प्रत्येक जोरदार पकडीवर शिटी वाजवू लागण्यात होईल. परंतु नाव घेऊन केलेल्या निषेधाला तो लागू पडत नाही. कैची बंद आहे म्हणून कबड्डी निर्जीव झाली, असे म्हणणारा जुना खेळाडू सापडणे कठीण. चार कृती निश्चितपणे बंद केल्या म्हणजे उरलेल्या सर्व पकडी निःशंकपणे करता येतात. निश्चित निषेध हा स्वातंत्र्याची सीमा आखतो, आणि सीमा आखलेली असली की तिच्या आतले क्षेत्र मोकळे होते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. एका ठिकाणचा धोका बंद केला की तो दुसरीकडे सरकतो. इंग्लंडमधील रग्बी युनियन या भगिनी-खेळात २०१८-१९ च्या हंगामात पकडीची उंची खांद्यावरून काखेपर्यंत खाली आणण्याचा प्रयोग एका स्पर्धेत झाला. डोक्याला होणारे आघात कमी व्हावेत हा उद्देश. परंतु मेंदूला हादरा बसण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसल्यावरून तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. वाकलेल्या पकडणाऱ्याचे डोके आता धावणाऱ्याच्या गुडघ्याच्या आणि कमरेच्या वाटेत येऊ लागले होते. तरीही हा विचार सोडून दिला गेला नाही. ब्रिटनमधील रग्बी लीगने काखेखालच्या पकडीचा नियम २०२४ पासून टप्प्याटप्प्याने स्वीकारण्याचे ठरविले. म्हणजे अनुभवाने निषेध बदलत गेला, निषेधाची गरज नाहीशी झाली नाही.

कबड्डीला हा इशारा विशेष लागू आहे. या खेळात पकड मुळातच खाली आहे. कोपऱ्यावरचा गडी झेप घेऊन घोटा धरतो, तेव्हा त्याचे तोंड चढाई करणाऱ्याच्या दुसऱ्या पायाच्या टप्प्यात असते. धरलेला पाय सोडविण्यासाठी मारलेली लाथ त्याच्या जबड्यावर बसू शकते. म्हणून संरक्षणाचा विचार केवळ चढाई करणाऱ्यापुरता ठेवून भागणार नाही. दुसरीकडे गुडघा हा कबड्डीपटूचा सर्वांत दुबळा सांधा आहे, आणि त्याचे कारण पकडीच्या रचनेतच आहे. एकाने घोटा जखडून पाऊल जमिनीला खिळवावे आणि त्याच क्षणी दुसऱ्याने बाजूने गुडघ्यावर अंग झोकावे, म्हणजे शरीर एका दिशेने फिरते, पाऊल फिरू शकत नाही, आणि त्यांच्यामधील सर्व पीळ गुडघ्याच्या आतील अस्थिबंधांवर येतो. घोट्याची पकड स्वतंत्रपणे निर्दोष आहे. कमरेची पकडही निर्दोष आहे. दोष आहे तो त्यांच्या एका विशिष्ट संयोगात. मोघम निषेधाला हा संयोग कधीच दिसणार नाही. तो पाहण्यासाठी त्याला नाव द्यावे लागेल.

(६)

या चर्चेचा बुलढाणा जिल्ह्याशी असलेला संबंध आता स्पष्ट करता येईल. सातपुड्याच्या पायथ्यापासून अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठारापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्याचे १३ तालुके घाटावर आणि घाटाखाली अशा दोन भागांत मोडतात. घाटावरील चिखली, मेहकर या भागांतील जमीन बऱ्याच ठिकाणी हलकी व मुरमाड. घाटाखालील मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पूर्णेच्या खोऱ्यातील जमीन काळी आणि खोल. मुरमावर पाऊल घसरते आणि अंग सोलते. काळी जमीन पावसात पाऊल धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात तडकून दगडासारखी टणक होते. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो, म्हणजे पाऊल रुतण्याच्या दिवसांत. वर वर्णन केलेल्या संयोगात पाऊल जमिनीला खिळणे हाच मुख्य धोका असल्यामुळे, मॅटवर जी पकड निभावून जाईल ती घाटाखालच्या ओल्या जमिनीवर गुडघा घेऊन जाऊ शकते. नियमपुस्तक मात्र दोन्ही जमिनींवर एकच आहे, आणि ते तयार करताना डोळ्यांसमोर आदर्श मैदान असते.

वजनाचा प्रश्नही याला जोडलेला आहे. कुस्तीत वजनगट असतात. कबड्डीत केवळ वरची मर्यादा असते; वरिष्ठ पुरुषांसाठी ती ८५ किलो आहे. त्या मर्यादेखाली ५५ किलोचा चपळ गडी आणि ८० किलोचा मध्यरक्षक एकमेकांसमोर येतात. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असले, तरी वाढत्या वयातील दोन मुलांच्या हाडापेरांत किती अंतर असते हे कोणत्याही शिक्षकास ठाऊक आहे. अशा विषम जोडीत उचलून आपटण्याची पकड ही सर्वांत सोपी आणि सर्वांत भयावह ठरते.

यात दूरचित्रवाणीने एक नवा घटक आणला आहे. व्यावसायिक लीगमध्ये मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना केलेल्या यशस्वी पकडीला जादा गुण मिळतो, आणि तो क्षण पुनःपुन्हा दाखविला जातो. तेथील खेळाडू प्रशिक्षित असतात, मॅटवर खेळतात आणि त्यांच्यामागे वैद्यक असतो. त्यांची पकड पाहून मेहकर वा संग्रामपूर तालुक्यातील मुलगा तीच पकड शेताच्या कडेच्या मैदानात करून पाहतो. अनुकरण कौशल्याचे होते. भोवतालच्या व्यवस्थेचे होत नाही.

इजेची किंमत येथे अन्य मार्गानेही मोजावी लागते. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि पोलीस भरतीकडे डोळे लावून बसलेल्या ग्रामीण तरुणांना कबड्डीचे प्रमाणपत्र हे आशेचे स्थान वाटते. परंतु त्याच पोलीस भरतीत पुरुष उमेदवारास १६०० मीटर धावावे लागते. ज्या खेळाने प्रमाणपत्र दिले त्याच खेळात गुडघा गेला, तर हातातले प्रमाणपत्र धावण्याच्या पट्टीवर निरुपयोगी होते. शेती करणाऱ्या घरात अशा मुलाची उणीव पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत भासते ती निराळीच. तथापि गुडघ्यावरच सारे संपत नाही. २०२२ मध्ये तमिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात एका तरुण कबड्डीपटूस सामन्यातील चढाईच्या वेळीच मृत्यू आला. अशा घटना विरळा असतात हे खरे. पण नियम लिहिले जातात ते विरळ घटनांसाठीच, कारण नित्याच्या घटना खेळाडू स्वतःच सांभाळून घेत असतो.

(७)

वरील परीक्षणावरून नियमांच्या पुनर्रचनेची दिशा सूचित होते. कैचीच्या कलमाच्या नमुन्यावर चार कृतींना नाव देऊन त्यांचा निषेध करता येईल. एक, चढाई करणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलून त्याला डोके वा मान खाली जाईल अशा स्थितीत आणणे. दोन, एकाने घोटा वा पाऊल धरलेले असताना दुसऱ्याने बाजूने गुडघ्यावर अंग टाकणे. तीन, डोके वा मान यांभोवती हात घालणे. मग दम चालू असो वा नसो. चार, गडी खाली पडून त्याची हालचाल संपल्यावर किंवा शिटी झाल्यावर त्याच्या अंगावर पडत राहणे. बचाव करणाऱ्याच्या रक्षणासाठी पाचवी कृती जोडता येईल : घोटा धरणाऱ्याच्या तोंडावर वा डोक्यावर लाथ मारून सुटका करून घेणे. या पाचही कृती डोळ्यांना दिसतात. एकीतही हेतू तपासावा लागत नाही. एकीतही रक्त निघेपर्यंत थांबावे लागत नाही.

शब्दयोजनेचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. नियमांचे मराठी रूप बहुधा इंग्रजीवरून उतरविलेले असते, आणि त्यात हेतुपुरस्सर, हिंसक, नियमबाह्य अशी जड विशेषणे येतात. मैदानातील गडी या शब्दांत विचार करीत नाही. त्याच्याजवळ कैची, साखळी, पट, झेप, धडक असे नेमके आणि जिवंत शब्द आहेत. कैचीचे कलम परिणामकारक ठरले याचे अर्धे कारण तरी हेच की, ते खेळणाऱ्यांच्याच शब्दात बोलते. नव्या निषिद्ध कृतींनाही वऱ्हाडातील वा कोकणातील मैदानांवर रुळलेली नावे शोधून दिली, तर ती पुस्तकातून मैदानात सहज उतरतील. हे काम केवळ क्रीडासंघटनांचे नाही. परिभाषेचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठीय विभागांना, आणि खेड्यांतील शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना, यात भाग घेता येण्यासारखा आहे. अमुक पकडीला मुले काय म्हणतात, याची तालुकावार नोंद करणे हा अशा अभ्यासाचा पहिला टप्पा होऊ शकेल.

नियम बदलण्याचा अधिकार महासंघाकडे असतो. गावच्या मंडळाकडे तो नाही. तथापि स्थानिक स्पर्धेच्या आयोजकांना सामन्यापूर्वी दोन्ही संघांना एकत्र बोलावून या कृती नावानिशी सांगण्यास आणि त्यांविरुद्ध पंच शिटी वाजवील असे जाहीर करण्यास कोणतीही आडकाठी नाही. हिंसक पकडीविरुद्धचे कलम आजही पुस्तकात आहे. त्याचा अर्थ कोणता घ्यायचा हे आधी ठरविणे एवढेच त्यात अभिप्रेत आहे. आखाड्यात वस्ताद जे करीत असे त्याचेच हे लेखी रूप होय. त्याची माती आता परत आणता येणार नाही, आणि त्याचा धाकही पूर्वीचा राहिलेला नाही. त्याने मोजक्या शब्दांत घातलेली बंदी मात्र नियमपुस्तकात आणता येण्यासारखी आहे, आणि पुढील हंगामातील पहिली पकड होण्यापूर्वी ती आणणे हे खेळाच्या हिताचे आहे.